जड पाणी आणि लांब केस



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बोअरचं पाणी जड आहे का, हे आधी चुलीवर कळतं. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, गंजाच्या तळाशी पांढरा थर धरतो. त्याच पाण्यानं आणि अंगाच्या साबणानं डोई धुतली की केस राठ होतात, फणी अडकते. मग कोणी शाम्पूला नावं ठेवतं, कोणी उन्हाला. माझं म्हणणं असं की खरी गडबड साबण आणि जड पाणी एकत्र येण्यात आहे.

पऱ्हाटीच्या बोंडातला धागा सेल्युलोजचा असतो. केस मात्र केराटिन या प्रथिनाचा, म्हणजे लोकरीच्या जातीचा. त्यामुळे धुण्याच्या सोड्यानं सुती लुगडं बिघडत नाही, पण तोच क्षार केसाला सोसत नाही. केसाच्या आत केराटिनच्या तंतूंचा गाभा असतो. केसाची ताकद त्यात आणि रंगही त्यातच. त्यावर कौलांसारखे एकावर एक चढलेले पातळ खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. खवल्यांवर जन्मतःच एक तेलकट थर असतो. ओल्या केसात पाणी शिरतं, केस फुगतो आणि खवले उचलले जातात. क्षारयुक्त साबण ते आणखी उचलतो. शिवाय पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसावर बसतो.

शाम्पूत साबण नसतो. त्यातल्या फेस करणाऱ्या द्रव्यांचा जड पाण्यात तसा साका होत नाही. म्हणून आपल्याकडे शाम्पूची छोटी पुडीसुद्धा अंगाच्या साबणापेक्षा बरी, असं मी ठामपणे सांगतो. आपल्या आज्या वापरत त्या रिठ्यातही सॅपोनिन नावाचं फेस करणारं द्रव्य असतं, आणि शिकेकाई आंबट असल्यानं खवले मिटायला मदत करते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पाऊण मीटर लांबीच्या वेणीच्या टोकानं सहा उन्हाळे पाहिलेले असतात, शेकडो धुणी सोसलेली असतात, आणि त्याची झीज आतून भरून निघत नाही. ‘केसांना पोषण’ असं पुडीवर कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असो, मेलेल्या केसाला जेवू घालता येत नाही. फाटलेलं टोक कापावंच लागतं.

मग कंडिशनर काय करतो? झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधल्या द्रव्यांवर धन. म्हणून ती द्रव्यं झिजलेल्या जागी जास्त चिकटतात, घर्षण कमी होतं, गुंता सुटतो. म्हणून तो मुळांना चोळू नका. खालच्या अर्ध्या वेणीला लावा, थोडा वेळ ठेवा आणि धुवा.

खोबरेलाची गोष्ट वेगळी. मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलानं कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. हे काम खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतलं, हेही सांगायला हवं. पण त्यामागचं कारण रसायनशास्त्राला धरून आहे. तेव्हा न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावा. शेवटचं पाणी पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम. नसेल तर बादलीभर पाण्यात थोडं लिंबू पिळा. आणि ओल्या केसात बारीक दातांची फणी घालू नका.

पांढरकवडा, झरी जामणीकडच्या श्रोत्यांसाठी आणखी एक सांगतो. पाण्यातलं फ्लोराइड फेसावरून ओळखता येत नाही. पाणी केसाला मऊ लागलं म्हणून ते पिण्यालायक ठरत नाही. ते तपासूनच घ्यावं लागतं.

रोज पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविक आहे. मात्र ते पुंजक्यानं येऊ लागले, तर पुडी बदलून काही होणार नाही. जिवंत असतं ते मूळ, आणि ते रक्तावर पोसतं. कापूस वेचून थकलेल्या आपल्या कितीतरी बायकांच्या रक्तात लोह कमी असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.