गोडबोले यांनी न दिलेले उत्तर

ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘ए पॅसेज टु इंडिया’ या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत चंद्रपोर नावाच्या कल्पित गावचे कलेक्टर टर्टन साहेब एतद्देशीय वकील-जमीनदारांना क्लबच्या हिरवळीवर पाचारण करतात, आणि ओळख वाढविण्यासाठी भरविलेल्या त्या मेजवानीत काळे आणि गोरे असे दोन थवे परस्परांकडे दुरूनच पाहत राहतात, हा प्रसंग वाचताना, ज्यांनी साहेबाच्या बंगल्याबाहेर तिष्ठत काळ कंठला त्या पिढीच्या वाचकास लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका उरत नाही. पण साहेब रेखाटणे फॉर्स्टर यांना अवघड नव्हतेच; ते त्यांच्या घरचेच लोक. कस लागतो तो जितांचे चित्र काढताना, आणि तेथे आपली उत्सुकता अधिकच चाळवते, कारण या कादंबरीत एक दक्षिणी ब्राह्मण आहेत : प्रोफेसर गोडबोले.

पूजेला किती वेळ लागेल याचा अदमास चुकल्यामुळे लेण्यांच्या सहलीला जाणारी गाडी चुकविणारे हे गृहस्थ, त्याच सहलीत एका इंग्रज तरुणीवर हात टाकल्याच्या आरोपावरून कादंबरीचे नायक डॉक्टर अझीझ यांना झालेल्या अटकेने सारे गाव खवळलेले असताना, मध्य हिंदुस्थानात आपण काढणार असलेल्या हायस्कुलाला नाव कोणते द्यावे म्हणून आपले वरिष्ठ प्राचार्य फील्डिंग यांचा सल्ला विचारतात. आणि ‘अझीझ दोषी की निर्दोष?’ असे फील्डिंग यांनी निकराने विचारले असता बऱ्यावाइटाच्या एकत्वावर सावकाश प्रवचन करतात. यात हिंदू मनाचे गूढ पाहणारे पुष्कळ आहेत. मला मात्र यात, साहेबाच्या तोंडावर होय वा नाही न म्हणण्याची विद्या साधलेला, कचेरीत मुरलेला आपलाच एखादा शिरस्तेदार दिसतो. (आडनावाचा अर्थ लेखकाला ठाऊक होता की नाही, देव जाणे.)

ही विद्या जवळून पाहण्याची संधी फॉर्स्टर यांना मिळाली होती. १९२१ साली ते देवासच्या थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार यांच्या पदरी खासगी चिटणीस होते. म्हणजे राज्यकर्त्या जातीचा हा मनुष्य काही महिने मराठा दरबाराचा पगारी चाकर होता. तेथील गोकुळअष्टमीचा उत्सव, त्यातील गोंगाट, पसारा आणि भजनात देहभान विसरलेले खुद्द महाराज, हे सारे त्यांनी घरी धाडलेल्या आणि १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने छापलेल्या पत्रांत आहे. कादंबरीच्या शेवटच्या भागात गोडबोले टाळकऱ्यांसह तुकारामाच्या नावाचा गजर करतात तो याच उत्सवातून आला; टर्टन साहेबांच्या हिरवळीवरून तो लिहिता आला नसता.

त्याच भागात फील्डिंग शाळांच्या तपासणीच्या दौऱ्यावर, तो भाग ज्या कल्पित संस्थानात घडतो तेथे येतात. गोडबोले आता तेथील शिक्षणमंत्री आहेत, आणि बादशहा पंचम जॉर्ज यांचे नाव लाभलेल्या हायस्कुलाचे एव्हाना धान्याचे कोठार झालेले आहे. आपल्या जुन्या प्राचार्यांपाशी गोडबोले त्याविषयी चकार शब्द काढीत नाहीत.