सव्वीस फुटांची पट्टी



विद्यार्थ्यांच्या चळवळीचा विषय निघाला की दोनच सूर कानी पडतात. एक म्हणतो, मुलांनी मुकाट्याने अभ्यास करावा. दुसरा म्हणतो, अधिकारी बदला म्हणजे सारे सुरळीत होईल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९६४-६५ या वर्षाचा वृत्तांत पाहिला, तर हे दोन्ही सूर अपुरे ठरतात.

तंटा उद्भवला तो जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवरून. विद्यापीठाच्या दाराशी सव्वीस फुटांची फरसबंद जागा होती. ती नगरपालिकेची, या समजुतीने विद्यार्थी तेथे टेबले मांडीत, पत्रके वाटीत, वर्गणी गोळा करीत. जागा विद्यापीठाचीच आहे असे अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये तेथील राजकीय प्रचारास बंदी झाली. कागदावरची मालकी खरी होती. परंतु रूढ झालेल्या वहिवाटीचा विचार कोणी केला नाही. त्याच उन्हाळ्यात मारिओ सॅव्हिओसारखे काही विद्यार्थी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी करण्यासाठी जिवावर उदार होऊन गेले होते. अशा कार्याकरिता स्वतःच्याच दाराशी वर्गणी मागण्यास त्यांना मज्जाव व्हावा, हे त्यांनी कसे सोसावे?

१ ऑक्टोबर रोजी टेबलाशी बसलेल्या एका तरुणास पोलिसांनी पकडले. विद्यार्थ्यांनी त्या मोटारीभोवती ठाण मांडले आणि ती बत्तीस तास हलू दिली नाही. सॅव्हिओ भाषणासाठी तिच्या टपावर चढला तो पायांतले जोडे काढून! पुढे समेट झाला. पण नोव्हेंबरअखेर जुन्या प्रकरणाबद्दल पुढाऱ्यांवर पुन्हा कारवाई उकरून काढण्यात आली. २ डिसेंबर रोजी विद्यार्थी स्प्राउल सभागृहात बसले. सुमारे आठशे जणांना अटक झाली.

निर्णायक घटना घडली ती ८ डिसेंबरला. अध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठरविले की, भाषणाची वेळ, जागा व रीत यांपुरते नियम असावेत. आशयावर विद्यापीठाचे बंधन नसावे. नियामक मंडळाने शिस्तीचा अधिकार आपल्या हाती राखला. तथापि राज्यघटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्यावर आक्रमण न करण्याचे मान्य केले. जानेवारी १९६५ मध्ये कुलगुरू स्ट्राँग यांच्या जागी हंगामी म्हणून मेयरसन आले व त्यांनी त्याच सभागृहाच्या पायऱ्या सभांना खुल्या केल्या. म्हणजे अधिकारी बदलले ते शेवटी. त्याआधी शिक्षकवर्ग बोलला होता.

या यशाची किंमतही मोजावी लागली. सॅव्हिओला १२० दिवसांची शिक्षा झाली. जनतेतील नाराजीचा लाभ उठवीत रोनाल्ड रेगन राज्यपाल झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांनाच पदच्युत करण्यात आले. लोकमत सोबत घेतल्यावाचून मिळविलेला विजय किती डळमळीत असतो, हे यावरून उमजावे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: मागणी स्पष्ट ठेवा आणि तुमचे म्हणणे घरोघरी पटवून द्या. अधिकाऱ्यांना सांगणे आहे: दिलेला शब्द मोडू नका. आणि अध्यापकांना हात जोडून विनंती आहे: बर्कलीचे गुरुजन बोलले ते आठशे मुले पकडली गेल्यावर, आपण त्याआधी बोलावे.