'ऑफ' की 'टू'?

आमच्या गटाची कर्जमर्यादा 2 लाख होती, ती 3 लाख करून हवी होती. बँकेचा इंग्रजी अर्ज आम्हीच लिहिला: 'इन्क्रीज ऑफ 3 लाख'. साहेबांनी विचारलं, "एकूण 5 लाखांचे हप्ते झेपतील का?" आम्ही गारच! 'ऑफ' म्हणजे तीन लाखांची वाढ, 'टू' म्हणजे तीन लाखांपर्यंत वाढ. मराठीत आपण 'ची' आणि 'पर्यंत' यांत कधी चुकतो का? इंग्रजीत हे शब्द आकड्याआधी सुटे उभे असतात, म्हणून नजरेतून निसटतात. 'रिक्वेस्ट फॉर', 'इंटरेस्ट ऑन' हे मात्र सरळ पाठ करा, तर्क लावत बसू नका. नवा अर्ज लिहिताना ठरावाची वही शेजारी ठेवली, आणि जुना व नवा, दोन्ही आकडे घातले.