रक्तदाबाची नोंद मोबाइलवर
उच्च रक्तदाब बहुतेकदा काहीच त्रास देत नाही, म्हणूनच गोळ्या मध्येच सुटतात. २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रही होता. त्यात वापरलं जाणारं ‘सिंपल’ हे ॲप दवाखान्यातल्या सिस्टरच्या हाती असतं. रुग्णाच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मागच्या नोंदी दिसतात. आजचा रक्तदाब, औषधं भरायची, पुढची तारीख द्यायची. मला सर्वांत मोलाची वाटते ती चुकलेल्यांची यादी. तारीख उलटूनही न आलेल्या रुग्णाला सिस्टर तिथूनच फोन लावू शकते. घरी स्वतःचं ॲप वापरत असाल, तर आकडा दंडाला पट्टा बांधणाऱ्या यंत्राचाच भरा. आणि मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा.