आधी डावं की आधी उजवं?

आजचा भाग जरा कोडवाला आहे. सी किंवा सी प्लस प्लस थोडंफार शिकला असाल, तर तेवढं पुरे.

हा प्रश्न तुम्हाला कुठेतरी भेटलाच असेल. आयची किंमत 5. प्रिंटएफमध्ये आय प्लस प्लस, स्वल्पविराम, पुन्हा आय प्लस प्लस. आउटपुट काय? व्हायव्हात मी छाती फुगवून सांगितलं होतं, "6 आणि 5, कारण आर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे जातात." पूर्ण मार्क मिळाले. टर्बो सीवर खरंच तसं यायचं, मग शंका कोण घेणार?

पुढे नोकरीत गाड्यांच्या जीपीएसचं काम आलं. डिव्हाइसकडून आधी अक्षांश येतो, मग रेखांश. मी एका फंक्शनच्या कंसात दोन्ही जागी तोच कॉल लिहिला: पुढचा आकडा वाच, पुढचा आकडा वाच. दिसायला एकदम सुटसुटीत. माझ्या मॅकवर सगळं बरोबर. कोड लिनक्स सर्व्हरवर गेला आणि पुण्यातली गाडी नकाशावर थेट नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात! 18.5 आणि 73.8 यांची अदलाबदल झाली होती.

मी काय केलं असेल? हार्डवेअरवाल्यांना मेल टाकला, की तुमचं डिव्हाइस आकडे उलटे पाठवतंय. वर मॅनेजरला सीसी. तीन दिवस ते बिचारे डिव्हाइस तपासत बसले.

घोळ माझ्याच त्या ओळीत होता. फंक्शनच्या आर्ग्युमेंट्सपैकी आधी कोणतं काढायचं, हे सी आणि सी प्लस प्लस ठरवून देतच नाहीत. ते कंपायलरच्या मर्जीवर. मॅकवरचा क्लँग साधारणपणे डावीकडून जातो, आमच्या सर्व्हरवरचा जीसीसी उजवीकडून गेला. (मॅकच्या टर्मिनलमध्ये जीसीसी टाइप केलं तरी मुळात क्लँगच चालतो, ही अजून एक गंमत.) आणि मधला स्वल्पविराम फक्त आर्ग्युमेंट्स वेगळे करतो, क्रम लावत नाही.

उजवीकडून का, तर जुन्या पद्धतीत आर्ग्युमेंट्स स्टॅकवर उजवीकडून ढकलायचे, म्हणजे पहिलं आर्ग्युमेंट ठरलेल्या जागी सापडतं. प्रिंटएफला ते लागतंच. मग किंमतही त्याच क्रमाने काढणं कंपायलरला सोयीचं. सोय होती, नियम नव्हता.

आता नीट ऐका, कारण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. माझ्या केसमध्ये फक्त क्रम ठरलेला नव्हता. दोनपैकी एक उत्तर नक्की येणार होतं. व्हायव्हातला प्रश्न त्याहून वाईट. एकाच व्हेरिएबलला दोनदा बदलायचं आणि त्या बदलांमध्ये काही क्रमच नाही, याला सीमध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात. तिथे "5 6 किंवा 6 5" अशीही हमी नाही, काहीही होऊ शकतं. सी प्लस प्लसने 2017च्या स्टँडर्डमध्ये थोडं सावरलं: एक आर्ग्युमेंट पूर्ण झाल्यावरच दुसरं. पण आधी कोणतं, हे अजूनही मोकळंच. जावात ही कटकट नाही, तिथे डावीकडून उजवीकडे हे भाषेतच लिहिलंय.

वॉर्निंग? आय प्लस प्लसवाल्या ओळीवर जीसीसी डॅश वॉल लावलं की ओरडतो. माझ्या ओळीवर मात्र शांत, कारण त्याच्या दृष्टीने ते दोन साधे फंक्शन कॉल.

दुरुस्ती दोन ओळींची. आधी अक्षांश एका व्हेरिएबलमध्ये वाचला, मग रेखांश दुसऱ्यात, मग दोन्ही फंक्शनला दिले. माफीचा मेल लिहायला जास्त वेळ लागला. त्यातही मॅनेजर सीसीमध्ये ठेवला, पहिल्यात ठेवला होता ना.

करून बघायचं असेल तर कंपायलर एक्सप्लोरर ही साइट फोनवरही उघडते. एकच कोड, एकदा जीसीसी निवडा, एकदा क्लँग. काय आलं ते मला कळवा.