मुक्या प्राण्यांची बोलकी चित्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मुलांच्या व्यंगपटांवर चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा काहीजणींनी हसून विचारले, "हा काय बायकांचा विषय झाला?" माझे म्हणणे एवढेच, की हे चित्रपट पाहतात मुले, पण "मग पुढे काय झाले?" हा प्रश्न येतो तो आपल्याकडे, आणि तोही ऐन भाकरी तव्यावर असताना! म्हणजे विषय आपलाच झाला की नाही?

प्राण्यांना बोलते करणे ही काही बाहेरून आलेली कला नव्हे. पंचतंत्रातले कोल्हे आणि जातकातली हरणे आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होतीच. पडद्यावरही आपण मागे नव्हतो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली 'जंबू काका' हा छोटा व्यंगपट काढला. पुढे १९५७ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने जातकातल्या हरणांच्या राजावर 'बनियन डियर' तयार केला. यामागचे कष्ट किती म्हणाल, तर पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. त्या हिशोबाने दीड तासाला एक लाख एकोणतीस हजार सहाशे होतात. आज संगणक हाताशी आला, तरी चिकाटी माणसाचीच लागते.

आता मुख्य चित्रपटाकडे वळते. 'दिल्ली सफारी' हा २०१२ च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक निखिल अडवाणी, आणि चित्रे घडविली ती आपल्या पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्स या संस्थेने. त्या वर्षीच्या उत्कृष्ट व्यंगपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कथा साधी आहे. बोरिवलीच्या जंगलात बुलडोझर शिरतात आणि बिबट्याचा बछडा युवी पित्याला मुकतो. मग तो, त्याची आई, बजरंगी माकड आणि बग्गा अस्वल दिल्लीला निघतात. संसदेपुढे गाऱ्हाणे मांडायला. माणसाची भाषा बोलणारा म्हणून अ‍ॅलेक्स नावाचा पोपट बरोबर घेतात. वाटेत गंमत आहे, गाणी आहेत, पण मूळ प्रश्न मुलांच्या मनातून जात नाही, तो हा की आमचे घर मोडून तुमचे घर का?

मला त्यात एक उणेही दिसते. तिथे दोष सारा बुलडोझरवाल्यांच्या माथी बसतो. पण त्या नव्या घरांत राहायला जाणार कोण? आपल्यासारखीच माणसे ना? मुलांना ही दुसरी बाजू आपणच सांगितली पाहिजे.

हल्ली एक चित्रपट चालला, की त्याचा उत्तरार्ध ठरलेलाच असतो. आपल्याकडे २००५ चा 'हनुमान' मुलांनी डोक्यावर घेतला, आणि २००७ च्या अखेरीस 'रिटर्न ऑफ हनुमान' आला. त्यात मारुतराय आजच्या काळात एका लहान मुलाच्या रूपाने अवतरले. उत्तरार्ध म्हणजे मला फोडणीची पोळी वाटते. पोळी कालचीच असते, पण फोडणी ताजी हवी. नुसती कालची पोळी पुन्हा ताटात वाढली, तर मुलेसुद्धा नाक मुरडतात.

'दिल्ली सफारी'चा खरा उत्तरार्ध मात्र पडद्याबाहेर घडताना दिसतो. २०१९ च्या ऑक्टोबरात त्याच बोरिवलीच्या जंगलाला लागून असलेल्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे तोडली गेली. ती वाचविण्यासाठी लोक रात्री रस्त्यावर उतरले. आज त्या मेट्रोने हजारो माणसे प्रवास करतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच प्रश्न सोपा नाही.

आणि भगिनींनो, बोरिवली दूर कशाला? कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे येताना दोन्ही अंगांनी पाहा. कारखाने आले, त्यांवर आपल्यातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. ते नकोत असे मी म्हणणार नाही; म्हटले तर माझ्या शेजारणीच मला विचारतील, "मग मुलाला काय घालू ग बाई?" पण मावळाच्या डोंगरांत बिबट्याही राहतो. तिकडे भीमाशंकरच्या झाडीत आपला राज्यप्राणी शेकरू आहे. त्यांना दिल्लीला नेणारा पोपट भेटणार नाही. त्यांची बाजू ग्रामसभेत मांडायची तर आपल्यालाच तोंड उघडावे लागेल.

तेव्हा माझी विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, मोबाईल मुलाच्या हाती देऊन मोकळ्या होऊ नका. असा एखादा चित्रपट त्याच्याजवळ बसून पाहा. दुसरी, संपल्यावर "आवडला का?" एवढ्यावर न थांबता "तू युवीच्या जागी असतास तर काय केले असतेस?" असे विचारा. तिसरी, सुटीच्या दिवशी मुलांना आंद्रेच्या काठी न्या, पक्षी दाखवा, झाडांची नावे आजीकडून विचारून घ्या. ज्याचे नाव माहीत असते, त्याच्यावर कुऱ्हाड सहजासहजी उचलवत नाही.

पुढच्या वर्धापनदिनी मुलांकडूनच प्राण्यांच्या गोष्टीचे छोटे नाटुकले बसवून घ्यावे, अशी सूचना मंडळापुढे ठेवते. मुखवटे आपण घरच्या पुठ्ठ्यांचे करू. बिबट्याचे ठिपके काढायला मी येते.