आनी एर्नो : शोक, देह आणि वर्ग

एकाकीपणा, शोक, मातृत्व, देह हे ज्याचे त्याने सोसावयाचे विषय. सामाजिक साहित्य ते निराळे, अशी एक समजूत पुरोगामी वर्तुळांतही घट्ट बसलेली आहे. २०२२ सालच्या नोबेलविजेत्या फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांच्या लेखनापुढे ती टिकत नाही.

नॉर्मंडीतील इव्तो या गावात त्यांचे आईवडील किराणा दुकान व कॅफे चालवीत. त्याआधी आईने कारखान्यात मजुरी केलेली. मुलगी शिकली, विद्यापीठात गेली. आणि १९६३ साली, तेविसाव्या वर्षी, अविवाहित असताना तिला दिवस गेले. फ्रान्समध्ये तेव्हा गर्भपात हा गुन्हा होता. तो कायदा बदलण्यास १९७५ साल उजाडावे लागले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'लेव्हेनमाँ' या पुस्तकात एर्नो यांनी ही हकीगत सांगितली आहे. तीतील एकटेपण स्वभावातून उद्भवलेले नाही, ते कायद्याने लादलेले आहे. डॉक्टर अंग काढून घेतात. तो शब्दसुद्धा कोणी उच्चारीत नाही.

अखेर चोरून केलेल्या गर्भपातानंतर रक्तस्राव थांबेना, म्हणून त्यांना रुग्णालयात आणले गेले. आता काय करणार, असे विचारताच तरुण शल्यविशारद खेकसला. आपल्याला नळ दुरुस्त करणारा समजलात काय, असा त्याचा एकूण आविर्भाव. पुढे ही मुलगी विद्यार्थिनी आहे, म्हणजे जवळजवळ आपल्यातलीच आहे, हे कळल्यावर तोच ओशाळला. गिरणीतल्या किंवा दुकानातल्या मुलीला तसे बोलणे मात्र त्याला खपले असते! देहालाही वर्ग असतो, हे पोथीतून शिकावे लागत नाही ते असे.

आई १९८६ साली स्मृतिभ्रंशाच्या आजारात वारली. तिच्यावरील 'यून फाम' या छोट्या पुस्तकात शोक आहे, शोकाची आरास नाही. मुलीला शिकविण्यासाठी आई दुकानात राबली, आणि शिकलेल्या मुलीला आईच्या मोठ्या आवाजाची, बोलण्याच्या ढंगाची लाज वाटू लागली. आपल्याकडील पहिल्या पिढीच्या पदवीधरांना ही लाज समजावून सांगण्याची गरज नाही.

एर्नो यांचे गद्य काहींना कोरडे वाटते. ते त्यांनी जाणूनबुजून निवडलेले आहे. पूर्वी आईवडिलांना पत्रातून खुशाली कळविताना त्या ज्या साध्या, सपाट भाषेत लिहीत, ती हीच भाषा होय.